काला अंबचा तिळगूळ

।। श्री ।।

फरीदाबाद,
१८ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सुमीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं संक्रांतीचं पत्र आणि त्यात चुरा होऊन आलेला हलवा, दोन्ही पोचलं. पाकिटातून हलवा पाठवू नकोस म्हणून दरवर्षी सांगते आणि दरवर्षी पोस्टमन पाकीट कानाशी हलवून विचारतो, मॅडम, इसमें क्या है. तुझे कान गेल्यापासून आपलं फोनवर बोलणं संपलं आणि मोबाइलवर टाइप करायचा तुला कंटाळा, त्यामुळे पत्रं तेवढी टिकली. आमच्या ह्यांना त्याचं हसू येतं. मंत्रालयातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी माझ्या पत्राला जावक क्रमांक घाला म्हणतात.

यंदा चौदा तारखेला आम्ही दोघं इथल्या मराठी मंडळाच्या बसनं पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकाला जाऊन आलो. दिल्लीतल्या कोपर्निकस मार्गावरून बस निघाली तेव्हा समोरचा माणूस दिसत नव्हता इतकं धुकं. तुझी लेक कादंबरीही गुडगावहून आली होती. नोकरी गेल्यापासून पोर घराबाहेर पडेना, म्हणून मीच आग्रह केला. हल्ली ती इंटरनेटवर आरोग्याचे व्हिडिओ टाकते. तीन महिन्यांचा कसलासा कोर्स केला आणि आता हेल्थ कोच म्हणवते. मी म्हटलं, अगं, लहानपणी तुला शेपूची भाजी खायला घालताना तुझ्या आईची दमछाक व्हायची, तू लोकांना काय खायला सांगणार? खूप हसली.

तर झालं काय, स्मारकाला हार घालून झाले, भाषणं झाली आणि मी सगळ्यांना तिळगूळ वाटत होते. कादंबरीनं मला बाजूला घेतलं आणि तीन वाक्यं बोलायला सांगितली. आपलं नाव सांगायचं. चौदा वर्षं डायबेटीस होता म्हणायचं. मग कादंबरीचं ऐकून गोळ्या सोडल्या आणि आता बघा, असं म्हणून लाडू तोंडात टाकायचा. मी म्हटलं, मी तर रोज गोळ्या घेते. तर म्हणाली, यार मावशी, एवढंसं रील आहे, माझ्याकडे दाखवायला एकसुद्धा माणूस नाही. हे बोलताना तिचा आवाज असा काही झाला की मला नाही म्हणवेना. माझा परवाचा शुगरचा रिपोर्ट चांगला आला आहे, तोही तिनं त्यात दाखवला. तो गोळ्यांमुळे चांगला आला, हे अर्थातच सांगितलं नाही.

आणि गंमत ऐक. परतताना बसमध्ये डबे उघडले आणि मी पर्समधून जेवणाआधीची गोळी काढली. पाण्याची बाटली कादंबरीनंच उघडून दिली. आम्ही दोघी इतक्या हसलो की ह्यांनी मागे वळून पाहिलं. त्यांना काही सांगितलेलं नाही. सरकारी माणूस, लगेच चौकशी लावतील. तूही कुणाकडे बोलू नकोस.

कानाला गार वारा लागू देऊ नकोस. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी,
सुमी


।। श्री ।।

मिरज,
२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सुमीस,
अनेक आशीर्वाद.

व्हिडिओ पाहिला. ऐकू येत नाही तरी खाली अक्षरं येतात ती वाचली. काय ग दिसतेस तू! ती हिरवी साडी मी दिलेली ना? शेजारच्या अश्लेषाला दाखवला, भिशीतल्या बायकांना दाखवला. सगळ्यांनी विचारलं, या तुमच्या धाकट्या बहीण का, वाटत नाही साठीच्या. माझ्यापेक्षा तू तरुण दिसतेस हे इतक्या मोठ्यानं लिहून सांगायची त्यांना काही गरज नव्हती.

तू त्या खोट्याचं मनाला लावून घेऊ नकोस. नाटकात काम करणारी माणसं रोज मरतात आणि घरी जाऊन जेवतात. परवा कादंबरी व्हिडिओ कॉलवर हसताना दिसली. सहा महिन्यांनी मी माझ्या मुलीचे दात पाहिले, सुमे. तिला रोज नवे लोक विचारायला येताहेत म्हणे. मावशीनं एवढं केलं, हे ती जन्मभर विसरणार नाही.

मी ठीक आहे. ब्लडप्रेशरची गोळी वेळेवर घेते, डॉक्टर खूश आहेत. जावईबापूंना नमस्कार. तुझ्या प्रेमाची सवय झाली आहे, ती मोडू नकोस.

तुझी,
ताई


।। श्री ।।

फरीदाबाद,
२० मार्च २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी प्रसिद्ध झाले आहे. सहा लाख लोकांनी मला लाडू खाताना पाहिलं. भाजीवाला ओळखतो. परवा मेट्रोत एका अनोळखी बाईनं माझ्याबरोबर फोटो काढला. जन्मभर वर्गात घसा कोरडा करून शिकवलं तेव्हा कुणी फोटो काढला नव्हता.

पण हसू येईनासं झालंय. मंडळाच्या हळदीकुंकवाला बायकांनी मला घेरलं. निम्म्याजणींची मुलं माझ्या हाताखाली शिकली. त्या म्हणतात, इंटरनेटवर काय वाट्टेल ते असतं, पण सुमित्राबाई सांगताहेत म्हणजे खरंच असणार. ताई, त्या कादंबरीवर नाही, माझ्यावर विश्वास ठेवताहेत. आमच्या वरच्या मजल्यावरची लता तुला आठवत असेल, तू आली होतीस तेव्हा तिनं तुला दिल्ली हाट दाखवलं होतं. तिलाही शुगर आहे. ती फेब्रुवारीत एकदा पेढे घेऊन आली आणि माझ्या पाया पडली. तिनं गोळ्या सोडल्या. मी तिला म्हटलं, डॉक्टरांना विचारून कर बाई. तर म्हणाली, तुम्ही विचारलं होतं का? मी उठून चहा ठेवला.

त्याच दिवशी कादंबरीला फोन करून व्हिडिओ काढून टाक म्हटलं. ती रडायला लागली. एवढा एकच व्हिडिओ चाललाय, तो काढला तर मी पुन्हा होते तिथे जाईन, असं म्हणाली. मग खरं सांगून टाकू का लताला, असं विचारलं, तर एकाला सांगितलं की सगळ्या मंडळात होतं, मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, म्हणाली. तिचंही बरोबर आहे. तिला मीच तर नाही म्हटलं नाही.

मी गोळीची डबी तांदळाच्या पिंपामागे ठेवायला लागले होते. लता केव्हाही येते, म्हणून स्वयंपाकघराचं दार लोटून चोरासारखी गोळी गिळायची. मुलांना खोटं बोलू नका सांगण्यात माझी सगळी नोकरी गेली आणि आता ही थेरं. मग विचार केला, की बोललेलं मागे घेता येत नसेल तर निदान ते खरं करावं. होळीच्या दिवसापासून गोळी बंद केली आहे. कादंबरी व्हिडिओत सांगते ते मेथीचं पाणी आणि कसलीशी पावडर सुरू केली. ह्यांना पत्ता नाही. खरं सांगते ताई, पहिल्या दिवशी हलकं वाटलं. लता आली तेव्हा तिच्या डोळ्यांत बघून बोलले.

पण रात्री चार-चार वेळा उठावं लागतं, तोंडाला कोरड पडते. म्हणून तुला विचारते. आईच्या मागे मी तुझंच ऐकत आले. तू नको म्हणालीस तर उद्या गोळी सुरू करीन आणि लताला खरं सांगून टाकीन. लवकर कळव. तुझ्या लोभाचीच वाट पाहते आहे.

तुझी,
सुमी


।। श्री ।।

मिरज,
५ एप्रिल २०२५

चि. सौ. सुमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तू पहिल्यापासूनच जास्त विचार करणारी. शाळेत एकदा मास्तरांनी चुकून दोन गुण जास्त दिले तर तू घरी येऊन रडली होतीस, आणि मास्तर वैतागले होते, ते आठवून हसू आलं.

गोळ्यांचं काय सांगू? मी डॉक्टर नाही. पण खूप लोक हल्ली गोळ्यांशिवाय राहतात, तसं छापूनही येतं. काही दिवस करून बघ. फारच त्रास झाला तर गुपचूप सुरू कर, कोण बघायला येणार आहे? लताचं म्हणशील, तर ती शिकलेली बाई आहे, तिचं तिला कळतं. आत्ता लगेच कुणाला काही सांगू नकोस एवढंच माझं म्हणणं. कादंबरीचं एका पावडरवाल्या कंपनीशी बोलणं चाललंय, ते एकदा ठरू दे. मग तूच व्हिडिओ काढून टाकायला सांग, मी तुझ्या बाजूनं बोलीन.

इथे उन्हाळा कडक आहे. माझं ब्लडप्रेशर वर जाऊ नये म्हणून डॉक्टरांनी गोळी वाढवली आहे, ती घेते. तू पाणी भरपूर पी. माया करतेस तशी करत राहा.

तुझी,
ताई


फरीदाबाद,
१९ जून २०२५

श्रीमती उत्तराताई यांस,
बळवंतचा स. न. वि. वि.

पत्र लिहिण्याचे काम सुमित्राचे. ती सध्या रुग्णालयात असल्याने मी लिहीत आहे.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तिने गच्चीवर कुरडया वाळत घातल्या. चप्पल तुटली म्हणून अनवाणी फिरली. इथल्या गच्च्या दुपारी कशा तापतात ते आपणास माहीत आहे. तळपाय भाजला, पण तिला जाणवले नाही. शुगरच्या माणसाला पायाचे कळत नाही, असे आता डॉक्टर सांगतात. मोठा फोड आला, तो तिने चार दिवस मोजे घालून लपवला. मे महिन्यात मोजे का, असे मी विचारले, तर एसी लागतो म्हणाली. मी मान डोलावून पेपर वाचत बसलो. ताप चढला तेव्हा हलवले. शुगर पाचशेच्या वर होती. जखम वर सरकत होती. नऊ जूनला उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

मी डॉक्टरांना सांगत होतो की ती गोळ्या कधीच चुकवत नाही. हे मी तीन वेगवेगळ्या डॉक्टरांना ठामपणे सांगितले. मग त्यांनी तिलाच विचारले, गोळ्या सोडायला कुणी सांगितले होते. ती म्हणाली, कुणी नाही, मीच सांगितले होते. मला वाटले तापात बरळते आहे. दुसऱ्या दिवशी तिने काला अंबपासूनचे सगळे सांगितले. आपल्याला विचारले होते, हेही सांगितले. आपण काय उत्तर दिले ते मी विचारले, तर तिने तोंड भिंतीकडे केले. तेव्हा पुन्हा विचारले नाही. आपणही मला सांगू नये.

माझी मागणी एकच आहे. तो व्हिडिओ आपल्या मुलीने काढून टाकावा. मी तिला फोन केले, ती उचलत नाही. मी आयुष्यभर अर्ज निकाली काढले, आज स्वतः अर्ज करतो आहे असे समजा.

कळावे.

बळवंत


।। श्री ।।

मिरज,
१२ जुलै २०२५

चि. सौ. सुमीस,
अनेक आशीर्वाद.

काय लिहू तेच कळत नाही. देवापाशी बसते आणि उठते. जावईबापूंचं पत्र वाचून दोन दिवस जेवले नाही. कादंबरीनं व्हिडिओ काढून टाकला आहे, हे त्यांना सांग. तिनं ते सगळं पानच बंद केलं. पावडरवाल्यांचंही फिसकटलं. पोर पुन्हा खोलीत पडून आहे.

ती एवढंच म्हणते, की मावशीला गोळ्या सोड असं मी कधीच म्हटलं नाही, सोडल्या असं म्हण, इतकंच म्हटलं होतं. तिचंही खोटं नाही ना ग? तूच तसं लिहिलं होतंस. तुझा स्वभाव असा टोकाचा असेल हे तिला बिचारीला काय ठाऊक.

मंडळात तिचं नाव घेऊ नकोस एवढी विनंती. तिचं लग्नाचं बघायचं आहे. मी आले असते, पण येऊन काय करणार, मला ऐकू येत नाही, उलट तुलाच माझं करावं लागेल. इथल्या दत्ताला तुझ्यासाठी अभिषेक केला आहे. रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र टाकत जा.

तुझी,
ताई


।। श्री ।।

फरीदाबाद,
१९ जानेवारी २०२६

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हलव्याचं पाकीट पोचलं. यंदाही चुरा झालाय. तुझ्या जुलैच्या पत्राला उत्तर द्यायला सहा महिने लावले, कारण जे जे लिहायला घेतलं ते ते तुला लागलं असतं. आता लागलं तरी लागू दे.

अभिषेकाबद्दल आभार. तुझी ब्लडप्रेशरची गोळी वेळेवर चालू आहे ना? असणारच. मी इथे पडल्या पडल्या तुझी पत्रं आठवायची, तर दरवेळी मला तीच ओळ आठवायची, गोळी वेळेवर घेते. स्वतःची एकही चुकवली नाहीस आणि मला मात्र काही दिवस करून बघ म्हणालीस. मी तुला एकाच शब्दासाठी विचारलं होतं. नको. एवढा एक शब्द तुझ्या मुलीच्या आड आला म्हणून तू लिहिला नाहीस. मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं, हाही विचार केला. कदाचित तेच केलं असतं. तरी राग जात नाही.

मंडळात कादंबरीचं नाव मी घेतलं नाही. माझंच घेतलं. ऑगस्टमध्ये ह्यांना मोबाइल हातात धरायला लावला, चाकाच्या खुर्चीत बसले, तीच हिरवी साडी नेसले आणि तीनच वाक्यं बोलले. माझं नाव सुमित्रा. मी गोळ्या सोडल्या असं खोटं बोलले आणि ते खरं करायला खरंच सोडल्या. हा माझा पाय बघा. मंडळाच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं आली, फुलं आली, लवकर बऱ्या व्हा आलं. बाहेर तो व्हिडिओ फारसा कुणी पाहिलाच नाही. ज्यांनी पाहिला, त्यांतल्या एकानं लिहिलं की औषध कंपन्या अशा म्हाताऱ्यांना भाड्यानं घेतात. दुसऱ्यानं लिहिलं, ही बाई कॉम्प्युटरवर बनवलेली आहे, हात नीट बघा. मी माझे हात नीट बघितले.

लता मात्र गोळ्यांवर परत आली. व्हिडिओनं नाही. मी दवाखान्यात असतानाच तिला सगळं सांगितलं होतं, तर तिनं माझे डोळे पुसले आणि घरी जाऊन मेथीचं पाणीच प्यायली. तुमची श्रद्धा कमी पडली असेल, म्हणाली. मग एकदा ड्रेसिंगच्या वेळी नर्स एकटी होती म्हणून लताला ट्रे धरावा लागला. पट्टी सुटली. त्या संध्याकाळपासून ती गोळ्या घेते, माझ्यासमोर येऊन घेते. एका डोळ्यानं तिला आता धुरकट दिसतं. माझ्यावर ती रागावलेली नाही, याचा मला जास्त त्रास होतो. आणि बाकीच्यांची तर मला नावंही माहीत नाहीत.

यंदाही चौदा तारखेला मंडळाची बस गेली. मला न्यायला तयार होते, मीच नको म्हटलं. त्याऐवजी परवा कृत्रिम पायाचं माप द्यायला दिल्लीला गेलो. बाकावर शेजारी पलवलची एक बाई बसली होती, नवऱ्याला घेऊन आलेली. त्याच्या अंगठ्याला पट्टी होती. माझ्याकडे बघून तिला वाईट वाटलं असावं. आंटीजी, हिंमत ठेवा, म्हणाली, आणि मला काही दाखवायचंय म्हणून मोबाइल पुढे केला. त्यात धुकं होतं, मागे काळा खांब होता आणि मी होते, हिरव्या साडीत, लाडू खाताना. आवाज माझा नव्हता, कुणीतरी वर हिंदी घातली होती. कादंबरीनं काढून टाकला होता, पण तिच्याआधी किती जणांनी उतरवून घेतला होता कोण जाणे. ती बाई म्हणाली, या बाईंकडे बघून आम्ही पंधरा दिवसांपासून सगळ्या गोळ्या बंद केल्यात.

मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "बहन, ये मैं हूँ. मैंने झूठ बोला था."

तिनं मोबाइल बघितला, मला बघितलं, साडीखालची रिकामी जागा बघितली. ह्यांनी घाईघाईनं पिशवीतून माझं आधार कार्ड काढून तिच्यापुढे धरलं. तिनं तेही वाचलं. नाव तर पुष्कळांचं सारखं असतं, असं ती ह्यांना म्हणाली. मग माझा हात थोपटला, तापातल्या माणसाची समजूत घालतात तसा, आणि म्हणाली, "नहीं आंटीजी, ये तो ठीक हो गई थीं."

तेवढ्यात त्यांचा नंबर पुकारला. ती नवऱ्याला सावरत आत गेली. जाताना वळून माझ्याकडे बघून हसली. ते बाहेर यायच्या आधीच मला माप द्यायला दुसऱ्या खोलीत नेलं, मग ती दोघं पुन्हा दिसली नाहीत.

तुझा माझ्यावर लोभ आहे, याबद्दल मला कधीच शंका नव्हती. पुन्हा कधी मी काही विचारलं, तर तो बाजूला ठेवून उत्तर दे.

तुझी,
सुमी